साठीच्या आसपास पाय हळूहळू जड होत असतील तर फक्त कमरेचा एमआरआय काढून थांबू नका (स्पायनल ड्युरल एव्ही फिस्टुला)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज बसलोच. आमच्या अण्णांना (वय ६६, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, एकदम काटक माणूस) जो आजार निघाला त्याचं नाव आमच्या घरात, गल्लीत, नात्यात कुणी ऐकलं नव्हतं. स्पायनल ड्युरल आर्टिरिओव्हीनस फिस्टुला, थोडक्यात एव्ही फिस्टुला. डायलिसिसच्या पेशंटच्या हातावर मुद्दाम करतात तो वेगळा. हा पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणात आपोआप तयार होतो, म्हणजे शुद्ध रक्ताची बारीक धमनी थेट शिरेला जाऊन मिळते, मधलं केशवाहिन्यांचं जाळंच नाही.

सुरुवात अगदी साधी होती. मंडईला जाऊन येताना पाय जड व्हायचे, मारुतीच्या पारावर बसले की दहा मिनिटांत परत ठीक. मग चप्पल. चालता चालता डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि अण्णा तसेच चार पावलं पुढे जायचे, मागून कुणीतरी "अहो अण्णा, चप्पल!" म्हणून हाक मारली की मग कळायचं. पुढे तळव्यापासून बधिरपणा वर चढत पोटऱ्या, मग मांड्या. आंघोळीला तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जायचा, म्हणून भिंतीला हात. आणि सगळ्यात शेवटी लघवीला वेळ लागायला लागला, शौचालाही त्रास.

आता गंमत नाही पण प्रत्येक तक्रारीला वेगळा डॉक्टर मिळाला. बधिरपणा म्हणून बी १२ ची इंजेक्शनं आणि शुगरची तपासणी (शुगर बॉर्डरला, म्हणजे लगेच 'शुगरच्या नसा'), लघवी म्हणून प्रोस्टेटच्या गोळ्या, पाय म्हणून हाडांचे डॉक्टर. त्यांनी कमरेचा एमआरआय काढायला लावला त्यात एल ४-एल ५ ची गादी सरकलेली आणि नस दबलेली दिसली, झालं, ऑपरेशनची तारीखसुद्धा बोलायला सुरुवात. ६६ वर्षांच्या माणसाच्या कमरेत गादी सरकलेली दिसणारच हो, ती कुणाच्या कमरेत दिसत नाही!

मामेभावाच्या आग्रहाने सेकंड ओपिनियनला एका न्यूरोफिजिशियनकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली, अण्णांना झोपवलं, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. मग खिशातली किल्ली काढून तळव्याच्या कडेने टाचेपासून बोटांकडे ओढली. अंगठा सरळ वर गेला. डॉक्टर म्हणाले, "कमरेच्या गादीने हा अंगठा वर जात नाही. मज्जारज्जू पहिल्या लंबर मणक्याच्या आसपास संपतो, त्याच्या खाली नुसत्या नसा. नसा दबल्या तर हातोडीचा झटका कमी होतो, वाढत नाही. भानगड वर आहे." मग त्यांनी तीच कमरेची जुनी फिल्म उजेडात धरली आणि सगळ्यात वरच्या टोकाला बोट ठेवलं. तिथे मज्जारज्जूचं खालचं टोक दिसत होतं आणि ते पांढरट, सुजलेलं होतं. रिपोर्टमध्ये एका शब्दाने उल्लेख नाही!! सगळं लक्ष खालच्या गादीकडे.

पुढे पूर्ण कण्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय. त्यात डी ६ पासून (डी म्हणजे छातीमागचे मणके, एल म्हणजे कमरेचे) खालपर्यंत मज्जारज्जूत सलग पांढरा पट्टा आणि मागच्या बाजूला काळे वळणावळणाचे ठिपके, म्हणजे फुगलेल्या शिरा. मग अँजिओ (डीएसए, म्हणजे कॅथेटरने रक्तवाहिन्यांत डाय सोडून फोटो काढतात ती तपासणी), त्यात डावीकडे डी ८ ला जोडणी सापडली, मग ऑपरेशन. आज अण्णा काठी घेऊन मंडईपर्यंत जातात, रिक्षाने परत येतात. बधिरपणा आहे, लघवीचं पूर्ण सुधारलेलं नाही. पण वॉकरवरून काठीवर आले.

धागा काढायचं कारण एकच. हा बरा करता येणारा आजार आहे, पण पाय किती परत येतील हे तुम्ही किती लवकर पोचता त्यावर ठरतं. कुणाच्या घरी असा अनुभव असेल, काही प्रश्न असतील तर लिहा.

पेणचीपोर

बाप रे. माझ्या काकांचं डिट्टो असंच चाललंय, चालताना पाय ओढतात आणि थांबलं की बरं वाटतं. त्यांनाही गादी सांगितली आहे. पण हे जन्मजात असतं का हो? आणि आनुवंशिक? त्यांच्या मुलांनी तपासून घ्यायला पाहिजे का?

कृष्णाकाठ

@पेणचीपोर, आनुवंशिक नाही असं आम्हाला सांगितलं, मी हाच प्रश्न पहिला विचारला होता. हा मोठेपणी होतो, का होतो ते नक्की माहीत नाही. काकांचं म्हणाल तर थांबल्यावर बरं वाटणं गादीमुळे नसांची जागा अरुंद झाली तरी होतं, पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या तरी होतं, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण बधिरपणा वर चढतोय का, लघवीत फरक पडलाय का, जिन्यावर पाय कडक होतात का एवढं विचारा आणि न्यूरोवाल्याला एकदा दाखवा.

बाबांना (म्हणजे अण्णांना) सर्जननी जे समजावलं ते मला फार पटलं, अण्णा शेतकऱ्याचे पोर म्हणून त्यांनी त्या भाषेत सांगितलं: मोटारीच्या डिलिव्हरीचा पाईप चुकून निचऱ्याच्या चरात सोडला तर चर तुडुंब भरतो, मग शेतातलं पाणी निघायला वाट राहत नाही आणि पीक उभ्या उभ्या मुळाशी कुजतं. अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे पाईप तोडायचा, चर बुजवायचा नाही." डॉक्टर म्हणाले बरोब्बर.

न्यूरोफिल्म

चांगला धागा. मी न्यूरोरेडिओलॉजीत आहे. इथे कुणाचा रिपोर्ट वाचून सल्ला देणार नाही पण थोडी भर घालतो.

अण्णांचं वाक्य खरंच महत्त्वाचं आहे, कारण डॉक्टर लोकांना ते कळायला अर्धं शतक लागलं. १९२६ साली पॅरिसमध्ये फ्वा आणि आलाजुआनिन या दोघांनी दोन तरुण माणसांचं वर्णन केलं, पाय हळूहळू गेले आणि शेवटी मृत्यू. मज्जारज्जूवरच्या शिरा जाड, वेड्यावाकड्या झालेल्या आणि मज्जारज्जू कुजलेला. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की शिरांमध्ये गुठळ्या होऊन हे होतं आणि काही करता येत नाही. सर्जन लोक त्या फुगलेल्या शिराच रोग समजून मज्जारज्जूवरून सोलून काढायचे, पेशंट काही वेळा आणखी बिघडायचा, कारण त्या शिरा म्हणजे मज्जारज्जूचा स्वतःचा निचरा आहे. १९७७ मध्ये लंडनच्या केंडल आणि लोग यांनी दाखवलं की मूळ जोडणी मज्जारज्जूत नाहीच, ती नसेच्या मुळाभोवतीच्या ड्युराच्या (मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणाच्या) बाहीत आहे, आणि तिथून निघणारी एकच शीर आत जाऊन दाब चढवते. ती एक शीर तोडली की काम झालं. बाकीच्या शिरांना हात लावायचा नाही, त्या आपोआप बारीक होतात.

म्हणजे इथे रक्तस्राव सहसा होत नाही. शिरांमधला दाब वाढतो, धमनी आणि शिरेच्या दाबातला फरक कमी झाला की मज्जारज्जूतून रक्त नीट फिरत नाही, तो सुजतो, ऑक्सिजन कमी पडतो. श्रम केले, बराच वेळ उभं राहिलं की दाब आणखी वाढतो म्हणून चालताना पाय जातात आणि बसल्यावर येतात. आणि खालचं टोक आधी भरडलं जातं म्हणून लक्षणं तळव्यापासून वर चढतात, मग जोडणी डी ५ ला असो की एल २ ला. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, सूज दिसते तिथेच जोडणी असते असं नाही.

मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या अशा विकृतींमध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त, साधारण ७० टक्के. तरी एकूणात दुर्मिळ, दर दहा लाख लोकांत वर्षाला ५ ते १०. पुरुष बायकांच्या चार-पाच पट, वय बहुतेक ५० च्या पुढे. १९७४ मध्ये अमिनॉफ आणि लोग यांनी उपचार न झालेल्यांचा मागोवा घेतला होता, पायाची कमजोरी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत पाचातला एक आणि तीन वर्षांत निम्मे जबर अपंगत्वापर्यंत पोचले होते. म्हणून वर धागाकर्ता 'लवकर' म्हणतोय ते अगदी खरं आहे. निदानाला एक ते तीन वर्षं जाणं आजही नेहमीचं आहे.

मीरा_सोलापूर

वाचताना हात थरथरत होते. ह्यांना (वय ५८) दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात 'ट्रान्सव्हर्स मायलायटिस' म्हणजे मज्जारज्जूला आलेली सूज असं सांगितलं. एमआरआयमध्ये पांढरं दिसलं म्हणून. सलाईनमधून स्टेरॉइड सुरू केलं. ज्या दिवशी ॲडमिट झालो त्या दिवशी हे माझा हात धरून बाथरूमपर्यंत चालत गेले होते आणि दुसऱ्या डोसनंतर रात्री उठता येईना, पाय हलवताच येईनात, लघवी पूर्ण बंद. आम्हाला सांगितलं आजार वाढला. डोस पूर्ण केले. नंतर दुसरीकडे नेल्यावर तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला की स्टेरॉइडने बिघडलं का, आणि हो म्हटल्याबरोबर म्हणाल्या मला अँजिओ पाहिजे. निघालं तेच जे तुमच्या अण्णांना निघालं. ऑपरेशन झालं, स्टेरॉइडनंतर गेलेली ताकद बरीचशी परत आली पण आधीसारखं नाही. घरातल्या घरात वॉकर.

मला एवढंच विचारायचंय डॉक्टरसाहेब, की हे त्यांना कळायला हवं होतं का नाही? भांडायचं नाहीये कुणाशी, पण रात्री झोप लागत नाही या विचाराने.

न्यूरोफिल्म

मीराताई, वाईट वाटलं वाचून. सरळ उत्तर देतो. स्टेरॉइडनंतर काही तासांत-दिवसांत पाय अचानक जाणं हे या आजारात चांगलं माहीत असलेलं आहे, वैद्यकीय साहित्यात अशी बरीच उदाहरणं आहेत. मायलायटिस साधारणपणे काही तासांत ते तीन आठवड्यांत वाढतो आणि तिथे थांबतो. महिनोन् महिने हळूहळू चढत गेलेली कमजोरी, पन्नाशीपुढचा पुरुष, मज्जारज्जूच्या खालच्या भागात लांबलचक सूज, हे तिन्ही एकत्र असेल तर स्टेरॉइडच्या आधी मागच्या बाजूच्या शिरा डोळ्यात तेल घालून शोधायला हव्यात. दुसऱ्या बाजूने हेही सांगतो की त्या शिरा काही फिल्ममध्ये खरंच दिसत नाहीत, जाड स्लाइस घेतले तर निसटतात. आणि जिथे खरा मायलायटिस असतो तिथे स्टेरॉइड न देणं चुकीचं ठरतं, त्यामुळे वाचकांनी स्वतःहून स्टेरॉइडला नकार देऊ नये. "डॉक्टर, फिस्टुला नाही ना याची खात्री झाली का?" असं विचारावं, कुठलाही चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आणि स्टेरॉइड दिल्यावर पाय गळाले तर ते तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

वैद्यवाट

मला वाटतं सगळ्यांनी एकदम ऑपरेशनकडे पळायची गरज नाही. माझ्या मेव्हण्याला कमरेचा त्रास होता, कटिबस्ती आणि ट्रॅक्शनने छान फरक पडला. आधी ते करून बघायला काय हरकत आहे.

कृष्णाकाठ

@वैद्यवाट, मेव्हण्यांना बरं वाटलं त्याचा आनंदच आहे आणि साध्या कंबरदुखीबद्दल मी काही बोलत नाही. पण इथे शिरेत धमनीचं रक्त घुसतंय, ते तेलाने किंवा वजन लटकवून बंद होणार नाही, आणि त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. आमच्याकडेही ट्रॅक्शन झालं होतं. कृपया या धाग्यावर तो सल्ला नको, इथे येणारा माणूस आधीच बराच काळ घालवून आलेला असतो.

खारघर७

माझ्या वडिलांचं निदान मागच्याच आठवड्यात झालंय त्यामुळे थेट प्रश्न. एक डॉक्टर म्हणतात ग्लू टाकून बंद करू, मांडीतूनच, चिरफाड नाही, दोन दिवसांत घरी. दुसरे म्हणतात उघडून करू. आम्ही घरात चार जण आणि पाच मतं अशी अवस्था आहे. आईला अर्थातच चिरफाड नको आहे.

न्यूरोफिल्म

दोन्ही मान्य उपचार आहेत. फरक समजून घ्या म्हणजे घरात बोलता येईल.

ऑपरेशनमध्ये मणक्याची मागची कमान थोडी काढून, ड्युरा उघडून, मायक्रोस्कोपखाली ती एक शीर आत शिरते तिथेच जाळून तोडतात. एकदाच करून कायमचं बंद होण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे. मांडीतून करतात ते एम्बोलायझेशन, बारीक कॅथेटर धमनीतून नेऊन ग्लू किंवा ओनिक्स नावाचं द्रव सोडतात. ते द्रव जोडणी ओलांडून शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोचलं तर उत्तम. जोडणीच्या अलीकडच्या बाजूलाच, म्हणजे धमनीतच थिजलं, तर आजूबाजूच्या धमन्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नवी वाट काढतात आणि आजार परत. म्हणून एम्बोलायझेशन करणाऱ्याला नंतर हा प्रश्न विचाराच: "द्रव शिरेपर्यंत गेलं का?" नाही गेलं तर वाट बघत बसायचं नाही, ऑपरेशन.

एक गोष्ट मात्र ग्लूला पूर्ण आडवी येते. मज्जारज्जूच्या पुढच्या भागाला रक्त देणारी एक मुख्य धमनी असते, आडामकिएविचची धमनी, आडामकिएविच या डॉक्टरने १८८२ मध्ये तिचं वर्णन केलं. बहुतेकांत ती डावीकडे डी ९ ते डी १२ च्या दरम्यान निघते. फिस्टुलाला रक्त देणारी धमनी आणि ही धमनी एकाच फांदीतून निघत असतील तर ग्लू चुकून तिच्यात गेला की दोन्ही पाय कायमचे जाऊ शकतात. अशा वेळी उघडूनच. तुमच्या वडिलांच्या अँजिओत ही फांदी एकच आहे का वेगळी, एवढं विचारलंत तर दोन डॉक्टरांच्या मतातला फरक बहुधा तिथेच कळेल.

कृष्णाकाठ

@खारघर७, आमचंही असंच झालं होतं. अण्णांची ग्लूची तयारी झालेली आणि अँजिओत ती धमनी त्याच फांदीला दिसली म्हणून टेबलावरच थांबवलं. तेव्हा निराश झालो होतो, आता वाटतं थांबवणारा माणूस भेटला हे किती चांगलं झालं. ऑपरेशननंतर सर्जन बाहेर येऊन म्हणाले की क्लिप लावल्याबरोबर लालभडक शीर डोळ्यादेखत निळसर झाली, म्हणजे धमनीचं रक्त यायचं थांबलं. एवढंच एक वाक्य, पण आई ते अजून सगळ्यांना सांगते.

अण्णांना तिसऱ्या दिवशी बसवलं, जखम छोटी होती. आईंना सांगा की कमरेच्या नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा काही भयंकर नाही.

बेळगावचा_अभी

माझी केस थोडी वेगळी आहे म्हणून लिहितोय. बहीण २३ वर्षांची, कॉलेजमध्ये असताना अचानक पाठीत सुरी खुपसल्यासारखी कळ आली आणि तासाभरात दोन्ही पाय गेले. मज्जारज्जूत रक्तस्राव झाला होता, एव्हीएम (रक्तवाहिन्यांचा गुंता) म्हणाले. आम्ही बंगळूरला निम्हान्सला नेलं. नेटवर वाचलं की सगळं एकच दिसतं, फिस्टुला, एव्हीएम, काही कळत नाही. हे तेच आहे का?

न्यूरोफिल्म

अभी, नाही, हे वेगळं. डॉक्टर ढोबळमानाने चार प्रकार करतात. पहिला या धाग्याचा, ड्युरल फिस्टुला, म्हाताऱ्या पुरुषांचा, हळू चढणारा. दुसरा ग्लोमस एव्हीएम, मज्जारज्जूच्या आतच रक्तवाहिन्यांचा घट्ट गुंता, तरुणांत, आणि तुमच्या बहिणीसारखा अचानक रक्तस्राव करून समोर येतो. तिसरा जुव्हेनाइल, मोठा पसरलेला, लहान मुलांत, फार विरळा. चौथा पेरीमेड्युलरी फिस्टुला, म्हणजे मज्जारज्जूच्या पृष्ठभागावर थेट जोडणी. लहान मुलात हा निघाला आणि घरात वारंवार नाकातून रक्त येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, एचएचटी नावाच्या आनुवंशिक आजाराशी त्याचा संबंध असतो. दुसऱ्या प्रकारात उपचाराचं गणित अवघड असतं, कधी पूर्ण काढता येतो, कधी फक्त धोका कमी करता येतो. ते टीमनेच ठरवायचं. निम्हान्स, त्रिवेंद्रमचं श्री चित्रा, मुंबईत केईएम, अशा ठिकाणी न्यूरोसर्जन आणि इंटरव्हेन्शनवाले एकत्र बसून बघतात, ते महत्त्वाचं. बहीण आता कशी आहे?

बेळगावचा_अभी

धन्यवाद सर. व्हीलचेअरवर आहे पण उजव्या पायाची बोटं हलवते, बी.एड. पूर्ण करतेय. दोनदा एम्बोलायझेशन झालं.

फिजिओ_रश्मी

मी फिजिओ आहे, असे थोडेच पेशंट बघितले आहेत पण सांगण्यासारखं बरंच आहे. पायाला ताकद येते त्याच्या आधी घरच्यांचा धीर सुटतो, कारण पहिल्या महिन्यात फारसं काही दिसत नाही, मज्जारज्जूची सूज उतरायला महिने लागतात. साधारण दोन तृतीयांश लोकांची चाल सुधारते, बाकीच्यांची आहे तिथे थांबते, आणि थांबणं हेसुद्धा या आजारात मोठं आहे. बधिरपणा आणि लघवी मात्र मागे राहतात. पाय ताठ होत असतील तर नुसती ताकद वाढवायचे व्यायाम करू नका, स्ट्रेचिंग आधी.

आणि बधिर पायांची काळजी घ्या हो. गरम पाण्याची पिशवी बिलकुल नको, अंघोळीचं पाणी घरच्यांनी कोपराने बघून मगच ओतायचं. माझ्या एका काकांच्या टाचेला हिवाळ्यात शेकोटीपाशी बसून फोड आला, दोन दिवस पत्ताच नाही. रोज रात्री तळवे आरशात बघायचे. चप्पल मागे पट्टा असलेली. बाथरूममध्ये दांडी, रात्रीचा छोटा दिवा, कारण ज्यांना पाय कुठे पडतोय ते कळत नाही ते डोळ्यांच्या भरवशावर चालतात, अंधारात पडणारच.

मीरा_सोलापूर

रश्मीताई खूप उपयोगी. लघवीबद्दल कुणी मोकळं बोलत नाही म्हणून मीच लिहिते. ह्यांना वाटायचं लघवी होतेय म्हणजे सगळं ठीक. पण होऊन आल्यावर सोनोग्राफीत बघितलं तर पिशवीत ३०० मिली शिल्लक. ते साचून ताप, थंडी, इन्फेक्शन, किडनीवर ताण. आता दिवसातून ठरलेल्या वेळी स्वतः नळी घालून रिकामी करतात, चार ते सहा तासांनी. नर्सने शिकवलं, पहिल्यांदा ह्यांचा चेहरा बघवत नव्हता, आता पाच मिनिटांचं काम. लग्नाला जाताना पिशवीत सॅनिटायझर, नळी, जेलची ट्यूब. कायम लावून ठेवलेल्या नळीपेक्षा हजारपट बरं, इन्फेक्शन कितीतरी कमी झालं. बायकांनी नवऱ्यापाशी हा विषय काढावा, पुरुष लोक सांगत नाहीत.

कृष्णाकाठ

मीराताई, हे वाचून दाखवलं अण्णांना. ते नळीला तयार नव्हते. आज म्हणाले "विचार तिला नर्स कुठली ते." तेवढ्यात खूप आलं.

पेणचीपोर

काकांना घेऊन गेले होते! न्यूरोवाल्यांनी किल्लीच ओढली, अंगठा खाली वळला, हातोडीने पाय फारसा उडालाच नाही. म्हणाले हे कमरेचंच आहे, तरी एमआरआयचं वरचं टोक मी स्वतः बघितलंय, ते स्वच्छ आहे. इतकं हायसं वाटलं.

खर्चाचं कुणी सांगेल का, पुढे कुणाला लागेल म्हणून?

कृष्णाकाठ

वा, छान बातमी. खर्च गावोगाव इतका बदलतो की आकडा लिहून कुणाची दिशाभूल नको. दोन गोष्टी मात्र सांगतो. डीएसएची तपासणी आणि ग्लू-ओनिक्सचं सामान यांचा अंदाज वेगवेगळा लिहून घ्या, ओनिक्स आणि मायक्रोकॅथेटर महाग असतात आणि बिल तिथेच फुगतं. महात्मा फुले योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, तुमच्या निदानाला कुठलं पॅकेज लागू होतं ते त्याच्याकडून ॲडमिशनच्या आधी काढून घ्या. ऑपरेशननंतर कमजोरी राहिली तर सिव्हिलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा, अण्णांना एसटीच्या प्रवासाला त्याचा उपयोग होतो.

खारघर७

अपडेट: विचारलं. फांदी वेगळी आहे, पण पहिल्या अँजिओत सगळ्या फांद्या बघितल्या नव्हत्या म्हणून मंगळवारी पुन्हा डीएसए करून तिथेच ठरवणार. एकाच आजाराची अँजिओ दोनदा हे ऐकून वडील वैतागलेत. आणि त्यांना शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, रक्त पातळ करायची गोळीही आहे. काही काळजी?

न्यूरोफिल्म

दोनदा होणं यात नवल नाही, वडिलांना सांगा. कण्याच्या प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंनी एकेक फांदी, त्या सगळ्यांत वेगवेगळं कॉन्ट्रास्ट सोडावं लागतं, शिवाय माकडहाडाच्या बाजूच्या आणि मानेच्या, क्वचित मेंदूच्या आवरणातल्या फांद्यासुद्धा, कारण कवटीतल्या फिस्टुलाचं रक्त खाली उतरूनही हेच चित्र तयार होतं. एक फांदी राहिली तर 'काही सापडलं नाही' असा रिपोर्ट येतो. म्हणून वेळ लागतो आणि डाय जास्त जातो, काही वेळा किडनीचा विचार करून मुद्दाम दोन टप्प्यांत करतात. आधी एमआर अँजिओ करून साधारण पातळी कळली असेल तर तिची सीडी न्या, बराच वेळ वाचतो.

क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत असू द्या. मेटफॉर्मिन आणि पातळ करायची गोळी, दोन्हींची नावं आणि डोस आजच फोन करून सांगा, कधी बंद आणि कधी सुरू ते तेच सांगतील, स्वतःहून बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. मांडीतून केलं तर नंतर काही तास तो पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं, आणि तेव्हा लघवी अडते ही नेहमीची तक्रार आहे, त्यामुळे त्यांना आधीपासून लघवीचा त्रास आहे हे नर्सला सुरुवातीलाच सांगून ठेवा. पाय आधीपेक्षा जड वाटले, बधिरपणा वर सरकला तर लगेच बेल दाबायला सांगा.

खारघर७

लिहून घेतलं सगळं. स्टेंट आहे, २०१९ चा. आत्ताच फोन करतो.